विश्लेषण : चालताना पोटरी दुखते, पण तपासणी ‘नॉर्मल’? व्यायामानंतर घोट्याचा रक्तदाब का मोजतात?

चालायला लागल्यावर ठरावीक अंतराने पोटरीत गोळा येतो. दोन-तीन मिनिटे उभे राहिले की तो जातो आणि पुन्हा चालू लागले की पुन्हा येतो. अशा दुखण्याचे घरगुती निदान ठरलेले असते. ‘वय झाले’, ‘गुडघे गेले’ किंवा ‘नस दबली असेल’. दवाखान्यात झोपवून तपासले तर पायाची नाडी लागते, रक्तदाबही ठीक येतो. मग दुखणे मनाचे आहे की काय, अशी शंका रुग्णालाच येऊ लागते. मात्र पायाच्या धमनीतला अडथळा अनेकदा विश्रांतीच्या वेळी लपलेला असतो आणि पायावर कामाचा भार पडला की उघड होतो. तो शोधण्यासाठी रुग्णाला चालवून लगेच घोट्यापाशी रक्तदाब मोजला जातो. या चाचणीविषयी...

घोट्यापाशी रक्तदाब का मोजतात?

रक्तदाब म्हटले की दंडाला बांधलेला पट्टा डोळ्यांपुढे येतो. पण दंडाचा आकडा पायापर्यंत रक्त नीट पोहोचते का, हे सांगत नाही. निरोगी माणूस उताणा झोपलेला असताना घोट्याजवळचा वरचा म्हणजे सिस्टॉलिक दाब दंडापेक्षा साधारण १० ते १५ मिमीने जास्तच असतो. हृदयापासून निघालेली नाडीची लाट लांबच्या धमन्यांत जाताना आणि तिथून परावर्तित होताना उंचावते, हे त्याचे कारण. त्यामुळे घोट्याचा दाब दंडापेक्षा कमी भरला, तर वाटेत कुठे तरी धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा लागतो.

घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की जो आकडा येतो, त्याला अँकल-ब्रेकियल इंडेक्स किंवा ‘एबीआय’ म्हणतात. घोट्यापाशी दोन धमन्या तपासतात. एक पावलाच्या वरच्या बाजूची आणि दुसरी आतल्या घोट्यामागची. त्यांतला जास्त आकडा आणि दोन्ही दंडांपैकी जास्त आकडा गुणोत्तरासाठी धरला जातो. १.०० ते १.४० हा आकडा सामान्य मानतात. ०.९१ ते ०.९९ म्हणजे सीमारेषेवर. ०.९० किंवा त्याहून कमी असेल, तर पायाच्या धमनीचा आजार, म्हणजे ‘पेरिफेरल आर्टरी डिसीज’ किंवा ‘पीएडी’ असल्याचे समजले जाते.

मग विश्रांतीतला आकडा का पुरत नाही?

जुन्या सोसायटीतली पाण्याची पाइपलाइन आठवा. आतून क्षार साचून ती अरुंद झालेली असते. दुपारी एकच नळ चालू असताना वरच्या मजल्यावर पाणी व्यवस्थित येते. सकाळी सात वाजता सगळ्यांचे नळ सुटले की त्याच मजल्यावर पाण्याची धार करंगळीएवढी होते. पाइप दुपारीही अरुंदच होता, पण मागणी कमी असल्याने ते कळत नव्हते.

पायाच्या धमनीचेही असेच होते. बसलेल्या माणसाच्या पोटरीला फारसे रक्त लागत नाही. चालू लागल्यावर स्नायूंची गरज कित्येक पटींनी वाढते आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन रुंदावतात. धमनी निरोगी असेल तर वाढलेला प्रवाह सहज पुढे जातो. अरुंद जागेतून मात्र प्रवाह जितका वेगाने ढकलावा, तितका तिथे दाब जास्त खर्च होतो. धमनीचा व्यास निम्मा झाला की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांशच उरते. विश्रांतीत तेवढ्यावर काम भागते, चालताना भागत नाही. अडथळ्यापलीकडचा दाब कोसळतो, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि पोटरी दुखू लागते. थांबले की मागणी उतरते आणि दुखणे जाते.

चाचणी नेमकी कशी होते?

रुग्णाला आधी पाच-दहा मिनिटे उताणे झोपवतात. चाचणीच्या किमान दोन तास आधी विडी-सिगारेट ओढू नये, असे सांगितले जाते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. घोट्याच्या किंचित वर पट्टा बांधतात. स्टेथोस्कोपऐवजी त्वचेवर जेल लावून पेनाएवढे डॉप्लर उपकरण धरले जाते. धमनीतल्या वाहत्या रक्ताचा ‘हुश्श हुश्श’ असा आवाज त्यातून ऐकू येतो. पट्टा फुगवला की आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडताना आवाज ज्या आकड्यावर परत येतो, तो घोट्याचा सिस्टॉलिक दाब. दोन्ही पाय आणि दोन्ही दंड असे चारही आकडे घेतले जातात.

त्यानंतर रुग्णाला ट्रेडमिलवर चालवतात. बऱ्याच ठिकाणी ताशी ३.२ किलोमीटर वेग आणि १२ टक्के चढ ठेवला जातो. पाच मिनिटे किंवा दुखण्यामुळे थांबावे लागेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर चालायचे असते. कुठल्या पायात, कुठे आणि किती वेळाने दुखले, याची नोंद होते. ट्रेडमिल नसेल तर भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या, असे ५० वेळा करण्याचा साधा पर्यायही आहे.

नावात ‘व्यायामाचा’ रक्तदाब असला तरी चालताना घोट्याचा दाब मोजता येत नाही. पाऊल हलत असताना डॉप्लर एका जागी धरता येत नाही आणि स्नायूंच्या हालचालीने पट्ट्याचा आकडाही बिघडतो. म्हणून थांबल्याबरोबर रुग्णाला झोपवून शक्यतो पहिल्याच मिनिटात मोजणी केली जाते. इथे वेळेला फार महत्त्व आहे. उशीर झाला तर घसरलेला दाब सावरू लागतो आणि सौम्य अडथळा निसटून जातो. पुढे दर एक-दोन मिनिटांनी आकडे घेऊन दाब मूळ पातळीवर यायला किती वेळ लागला, हेही पाहतात. साधारणपणे अडथळा जितका मोठा किंवा जितक्या जास्त ठिकाणी, तितका हा वेळ लांबतो.

आकडा कसा वाचायचा?

समजा, एका रुग्णाचा विश्रांतीत दंडाचा दाब १३० आणि घोट्याचा १३२ आहे. भागाकार १.०२, म्हणजे सर्व ठीक. चालल्यानंतर दंडाचा दाब १६० वर गेला, पण घोट्याचा ८८ वर आला. आता भागाकार ०.५५. पलंगावर निरोगी ठरलेला पाय पाच मिनिटांत आजारी ठरला.

व्यायामानंतर घोट्याचा दाब ३० मिमीपेक्षा जास्त घसरला किंवा एबीआय २० टक्क्यांहून अधिक कमी झाला, तर आजाराचा संशय पक्का होतो. वरच्या उदाहरणात दाब ४४ मिमीने आणि एबीआय सुमारे ४६ टक्क्यांनी उतरला, म्हणजे दोन्ही निकष लागू पडतात. निरोगी माणसातही जोरदार व्यायामानंतर एबीआय थोडा उतरतो, कारण दंडाचा दाब घोट्यापेक्षा जास्त चढतो. पण तो एक-दोन मिनिटांत सावरतो. म्हणून थोडीशी घट दिसली की लगेच घाबरण्याचे कारण नाही. शिवाय हे दोन निकष एकाच रुग्णात नेहमी जुळतात असेही नाही. त्यामुळे आकडा, लक्षणे आणि सावरण्याचा वेळ हे तिन्ही एकत्र पाहूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

दुखणे पाठीचे की धमनीचे?

या चाचणीचा मोठा उपयोग इथे होतो. कमरेच्या मणक्यातली पोकळी अरुंद होऊन नसांवर दाब आला, तरी चालताना पाय दुखतात, जड होतात. उतारवयात दोन्ही आजार आढळतात आणि कधी कधी एकाच माणसात असतात. एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसली की सगळा दोष तिच्यावर टाकला जाण्याचा धोका असतो.

काही खुणा उपयोगी पडतात. धमनीचे दुखणे नुसते उभे राहिले तरी थांबते, साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा येते आणि चढावर लवकर येते. मणक्याचे दुखणे उभे राहून जात नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा रुग्ण हँडलवर वाकून सायकल बराच वेळ चालवू शकतो. पण खुणा नेहमी इतक्या स्पष्ट नसतात. ट्रेडमिलवर दुखणे आले आणि घोट्याचा दाब तसाच राहिला, तर कारण धमनीत नाही. दाब कोसळला, तर आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी हा फरक कळणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

तरुण, धडधाकट खेळाडूंनाही हे होते?

होय, मात्र कारण वेगळे असते. वर्षानुवर्षे सायकल शर्यतींचा सराव करणाऱ्यांत पोटातून मांडीकडे जाणाऱ्या ‘एक्स्टर्नल इलियाक’ धमनीचे आतले अस्तर जाड होऊ शकते. याला एंडोफायब्रोसिस म्हणतात. हजारो वेळा कंबरेत वाकलेली मांडी आणि धमनीतून धावणारा प्रचंड प्रवाह यांचा त्यात वाटा मानला जातो. असा खेळाडू चालताना, जिने चढताना ठणठणीत असतो. पूर्ण जोर लावला की मात्र एका पायातली ताकद जाते.

फ्रान्सची सायकलपटू पॉलिन फेरां-प्रेव्हो हिला हाच त्रास होता. २०१९ मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने माउंटन बाइकिंगचे सुवर्णपदक पटकावले आणि २०२५ मध्ये महिलांची ‘टूर द फ्रान्स’ही जिंकली. अशा खेळाडूंना ताशी तीन किलोमीटरने चालवून काही कळत नाही. त्यांना सायकलवर दमछाक होईपर्यंत पळवून लगेच घोट्याचा दाब मोजावा लागतो. म्हणजे ज्या कामात त्रास होतो, तेच काम करायला लावून तपासले पाहिजे.

ही कल्पना आली कुठून?

या आजाराचे पहिले नेमके वर्णन माणसाचे नव्हते, घोड्याचे होते. १८३१ मध्ये फ्रान्समधील पशुवैद्य बुले यांनी गाडी ओढणाऱ्या एका घोड्याविषयी लिहिले. थोडे धावले की तो लंगडू लागे, विश्रांतीनंतर पुन्हा ठीक चाले. त्याच्या मागच्या पायांच्या धमन्यांत अडथळा आढळला. १८५८ मध्ये नामवंत फ्रेंच डॉक्टर ज्याँ-मार्तें शार्को यांनी माणसातही हेच घडते, हे दाखवले. या लक्षणाला आजही ‘क्लॉडिकेशन’ म्हणतात. ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, त्याचा अर्थच लंगडणे.

हातापायांतल्या दाबाची तुलना करून अडथळा ओळखण्याचे काम अमेरिकेतील ट्रॅव्हिस विन्सर यांनी १९५० मध्ये मांडले. १९६०च्या दशकात डॉप्लर हाताशी आल्यावर घोट्याचा दाब नेमका मोजणे सोपे झाले. १९६९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील याओ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानंतर ही मोजणी जगभर रुजली. व्यायामानंतरची मोजणी हा त्याचाच पुढचा टप्पा.

चाचणीच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा मधुमेहींबाबत आहे. दीर्घकाळचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार यांत घोट्याजवळच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात. पट्टा कितीही आवळला तरी धमनी दबत नाही आणि दाब खोटा जास्त दिसतो. एबीआय १.४० पेक्षा जास्त आला, तर ती आनंदाची गोष्ट नाही. आकडा फसवा असल्याची ती खूण आहे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब मोजतात, कारण अंगठ्यातल्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठा आणि दंड यांचे गुणोत्तर ०.७० किंवा कमी असेल, तर ते असामान्य ठरते.

दुसरी मर्यादा अशी की अडथळा आहे हे चाचणीवरून कळते, पण तो नेमका कुठे आणि किती लांबीचा, हे कळत नाही. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी किंवा अँजिओग्राफी लागते.

तिसरी मर्यादा सुरक्षिततेची. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांना, विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्यांना किंवा रक्तदाब अतिशय वाढलेल्यांना ट्रेडमिलवर चढवत नाहीत. ज्यांना झोपेतही पाय दुखतो, पायावर जखम किंवा काळेपणा आहे, त्यांना चालवून पाहण्याची गरजच नसते. त्यांचा विश्रांतीतला दाबच पुरेसे सांगतो.

घरचे बीपी यंत्र घोट्याला बांधून हा प्रयोग करता येईल का, असे अनेकांना वाटेल. तसे करू नये. आपोआप मोजणारी घरगुती यंत्रे दंडासाठी बनवलेली असतात. दाब खूप कमी झालेल्या पायात ती चुकीचा आकडा दाखवू शकतात किंवा आकडाच दाखवत नाहीत.

पायाचा आकडा हृदयाबद्दल काय सांगतो?

पायाची धमनी एकटी बिघडत नाही. तिथे चरबीचे थर साचले असतील, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही ते असण्याची शक्यता मोठी. २००८ मध्ये १६ अभ्यासांतील सुमारे ४८ हजार लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. एबीआय ०.९० किंवा कमी असलेल्यांत पुढील दहा वर्षांत मृत्यूचा आणि हृदयविकाराच्या घटनांचा धोका साधारण दुपटीने जास्त आढळला. विश्रांतीत ठीक, पण चालल्यावर दाब घसरणाऱ्यांमध्येही जोखीम वाढलेली दिसून आली आहे. म्हणजे पोटरीचे दुखणे ही अनेकदा छातीच्या दुखण्याची आगाऊ सूचना असते. ‘आता कमी चालू’ एवढाच उपाय केला, तर ती सूचना वाया जाते.

भारतात याचे महत्त्व किती?

जगात २०१० मध्ये सुमारे २० कोटी लोकांना पायाच्या धमन्यांचा आजार असल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला होता. त्यांतले सुमारे ७० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. चेन्नईतील शहरी लोकसंख्येच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आजार ३.२ टक्के लोकांत, तर मधुमेहींपैकी ६.३ टक्के लोकांत आढळला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे दिसले. मधुमेह आणि धूम्रपान हीच या आजाराची दोन मोठी कारणे आहेत. विडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत दिसणारा ‘बर्जर्स डिसीज’ हा तर लहान धमन्याच बंद करून बोटे काळी पाडणारा वेगळा आजार.

त्यात आपल्याकडे एक अडचण आहे. दुखू लागले की माणूस नकळत चालणे कमी करतो. बाजारात मुलगा जातो, वर जायला लिफ्ट असते, कोपऱ्यापर्यंत रिक्षा मिळते. चालणेच उरले नाही, की दुखणेही उरत नाही. डॉक्टरांनी ‘चालताना त्रास होतो का?’ असे विचारले, तर ‘नाही’ हे उत्तर खरे असते आणि फसवेही.

अडथळा सापडला तर पुढे काय?

अडथळा सापडला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. बहुतेकांसाठी पहिला उपचार औषधे आणि चालणे हाच असतो. तंबाखू पूर्ण बंद करणे, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, कोलेस्टेरॉल कमी करणारी आणि रक्ताच्या गुठळ्या टाळणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे, हा पाया.

देखरेखीखालचा चालण्याचा कार्यक्रम सहसा आठवड्यातून तीन वेळा, ३० ते ६० मिनिटांचा आणि किमान १२ आठवड्यांचा असतो. दुखणे मध्यम होईपर्यंत चालायचे, थांबायचे, गेले की पुन्हा चालायचे. ज्या चालण्याने दुखते, तेच औषध. अमेरिकेतील ‘क्लेव्हर’ चाचणीत पोटाकडच्या धमनीत अडथळा असलेल्या रुग्णांची पाहणी झाली. सहा महिन्यांनंतर ट्रेडमिलवर चालण्याच्या क्षमतेत देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांनी स्टेंट टाकलेल्यांपेक्षा जास्त सुधारणा दाखवली. एवढे करूनही रोजचे काम अडत असेल किंवा पाय धोक्यात असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार होतो. पाय सुधारला का, हे पाहण्यासाठीही व्यायामानंतरची मोजणी पुन्हा करता येते.

कोणी चौकशी करावी?

चालताना पोटरी, मांडी किंवा नितंब दुखून थांबल्यावर बरे वाटणारे, ५० वर्षांपुढचे मधुमेही आणि धूम्रपान करणारे, पायावरची जखम लवकर भरत नाही असे रुग्ण आणि हृदयाचे किंवा मेंदूचे धमनीविकार असलेले यांनी डॉक्टरांना पायाच्या धमन्यांबद्दल स्वतःहून विचारावे. किती पावलांनंतर दुखते, कुठे दुखते, उभे राहून किती वेळात थांबते, हे चार दिवस लिहून नेले तर निदानाला मोठी मदत होते. विश्रांतीतला एबीआय ठीक आला आणि त्रास तरी होतच असेल, तर ‘चालवून पुन्हा मोजायचे का?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको. पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला आणि असह्य दुखू लागला, तर मात्र कोणत्याही चाचणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. धमनी अचानक बंद झालेला पाय वाचवण्यासाठी हाताशी काही तासच असतात.